आल्टर करून मिळेल

तो आमच्या दुकानाच्या पाटीकडे बघत उभा होता आणि वहीत काहीतरी लिहून घेत होता. मला वाटलं, झालं, आला कुणीतरी पाटीचा परवाना विचारायला.

मंगळवारची दुपार होती. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशाच्या पँटींचा ढीग पडला होता. सुट्टीत वाढलेली पोरं, सगळ्यांच्या पँटींची उंची सोडायची होती. पाठ अशी धरली होती की उठायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. तरी उठले.

"पाटी आमच्याच जागेत आहे," मी म्हणाले. "जिन्याखालची ही जागा आमची. कागद आहेत."

"पाटी छान आहे," तो म्हणाला. "फक्त... हा 'आल्टर'मधला 'आ' कुणी लिहिला?"

"रंगाऱ्यानं. का? चुकलाय?"

"चुकला असं नाही. आमच्याकडे 'ऑ' आहे. पण लोक 'आ'च म्हणत असतील, तर मग आमचंच चुकतंय."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. पस्तिशीचा असेल. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली. खिशावर शाईचा डाग. परवाना खात्यात असला माणूस ठेवत नाहीत, तिथे इस्त्री कडक असते.

"तुम्ही कुठून आलात म्हणायचं?"

"ग्रंथालयातून. तिसऱ्या मजल्यावर आमची कचेरी आहे. इंग्रजी शब्दांचा कोश करतो आम्ही. शब्दाचा अर्थ, तो आला कुठून, आपली माणसं तो कसा वापरतात, सगळंच. सध्या 'ए' चालू आहे, लवकरच छापायला जाईल."

"कधीपासून चालू आहे?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षांत एकच अक्षर?"

"मोठं अक्षर आहे हो," तो मान खाली घालून म्हणाला.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा अडखळतच आलं.

"आल्टर म्हणजे तुम्ही नक्की काय काय करता, ते सांगाल मला?" त्यानं वहीचं नवं पान काढलं.

"कपडा आणलाय?"

"नाही..."

"मग नाही सांगणार. कपड्याशिवाय आम्ही बोलत नाही."

त्यानं वही मिटली, मान डोलावली आणि निघून गेला. आतलं मशीन थांबलं. "कोण गं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही. शब्दवाला होता."

"काय विकतो?"

"शब्द," मी म्हणाले आणि पुढची पँट ओढली.

दुसऱ्या दिवशी तो पँट घेऊन हजर. कोरी करकरीत, दुकानातली चिठ्ठी तशीच लटकत असलेली.

"उंची एक बोट कमी करायची आहे."

मी त्याला घालून यायला सांगितलं. खाली बसून घोट्यापाशी टेप लावला. पँट तंतोतंत होती. इतकी तंतोतंत पँट मी वर्षभरात बघितली नव्हती.

"ही बरोबर आहे," मी खालूनच म्हणाले.

"असेल... पण आता कपडा आणलाय ना? आता बोला."

सगळी गल्ली मला ताई म्हणते. म्हातारे आजोबासुद्धा 'ताई, एवढं बटण' असं म्हणून पुढे येतात. हा मात्र पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणाला, आणि ते माझ्या कानानं टिपून ठेवलं. मी ठेवलं नाही, कानानं ठेवलं.

मग मी सांगितलं. कमरेत घेणं, घेर सोडणं, खांदा उतरवणं, बाही आखूड करणं, थोरल्याचं धाकट्याला बसवणं. "पण नवं शिवणं वेगळं," मी म्हणाले. "आल्टर म्हणजे कपडा तोच राहतो. घालणाऱ्याला बसेल एवढाच बदलायचा. त्याहून जास्त बदलला की तो आल्टर नाही, ती मोडतोड."

तो लिहायचा थांबला. "हे परत सांगा."

"काय?"

"कपडा तोच राहतो, इथपासून."

परत सांगितलं. तो म्हणाला, "गंमत बघा. अर्थ आहे 'तेच ठेवून बदलणं'. आणि मूळ बघायला जावं तर बरोबर उलटं. लॅटिनमध्ये 'आल्टर' म्हणजे दुसरा. तोही कुठलाही दुसरा नव्हे, दोघांपैकी दुसरा. तिथे तीन जण चालत नाहीत. दोनच हवेत. त्यावरून क्रियापद झालं, दुसरं करणं, वेगळं करणं. मग फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं आणि हळूहळू तुमच्या जिन्याखाली." मग पाटीकडे बोट करून म्हणाला, "आणि लॅटिनमध्ये तो 'आ'च आहे. तुमचा रंगारी लॅटिन लिहून गेलाय."

"त्याला सांगू नका. तो दर वाढवेल," मी म्हणाले. मग मलाही राहवेना. "आपलं आलटून पालटून त्यातलंच का?"

"नाही ना... मोह होतो, पण नाही. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम."

"आमचाही. रंग जुळला म्हणून कापड जुळत नाही."

तो हसला. जाताना पँट विसरून गेला. म्हणजे त्याला ती न्यायला परत यावं लागणार होतं.

परत आला, मग येतच राहिला. कधी ज्याचं बटण तुटलेलं नाही असा शर्ट, कधी दोन्ही बाह्या धड असलेला स्वेटर. एकदा नुसता रुमाल घेऊन आला. "ह्याचं काय करू?" मी विचारलं. "चार कोपरे आहेत," तो म्हणाला, "एखादा बघा ना." पुढे एकदा काहीच कारण उरलं नाही, तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, "काही देशांत मांजरालाही आल्टर करतात."

"मांजराचं काय कमी करतात?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि कानापर्यंत लाल झाला. मग माझ्याही लक्षात आलं, पिल्लं होऊ नयेत म्हणून. मी मान खाली घालून टीप मारायला लागले, ती थेट कापड संपून पुढे गेली.

पण ही सगळी दुपारची गोष्ट. सकाळची गोष्ट वेगळी होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

बाबा चाळीस वर्षं कपडे शिवणारे मास्तर. त्यांच्या हाताची बाही म्हणजे बाही, असं आजही लोक म्हणतात. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत, बरोबर मधोमध, डाग धरला. डॉक्टर म्हणाले, हे आता मागे जाणार नाही. बाजूचं दिसतं, मधलं दिसत नाही. रस्त्यानं चालतात, माणूस चालीवरून ओळखतात, पण सुईचं टोक, खडूची रेघ, टीप, हे सगळं नेमकं त्या डागात जातं. बाबांनी डॉक्टरांचं ऐकलं, चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर येऊन बसले. मी काय बोलणार? आई गेल्यावर त्यांचं असं जे काही उरलं होतं ते हे मशीनच.

म्हणून मी सकाळी सातला दुकान उघडायची. बाबा दहाला यायचे. ह्या तीन तासांत आदल्या दिवशी बाबांनी शिवलेलं सगळं ब्लेडनं उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. मग दहाला त्यांच्यापुढे नवे कपडे ठेवायचे, आणि दिवसभर आपलं काम करायचं. तीन वर्षं. रविवार सोडून. रविवारी घर झाडायचं.

दमणूक ही अशी गोष्ट की ती एकदम येत नाही. मुरते. हळूहळू तुम्हाला वाटायला लागतं की आपला स्वभावच असा आहे.

एका सकाळी साडेसातला तो दारात उभा. बाहेर बारीक पाऊस होता, त्याच्या केसांवर थेंब नुसते बसले होते. तो कचेरीला इतक्या लवकर कशाला निघाला होता हे मी विचारलं नाही.

"काल संध्याकाळी हे मास्तरांनी शिवलं होतं ना?" माझ्या हातातल्या स्कर्टकडे बघून तो म्हणाला. "निळा. मी बघितला होता."

मी ब्लेड खाली ठेवलं. खोटं बोलायलाही जरा ताकद लागते, ती सकाळी माझ्यात नव्हती. सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता. सल्ला दिला नाही. 'अरेरे'ही म्हणाला नाही. बाबांच्या स्टुलावर बसला, सुयांची गादी पुढे ओढली, आणि एकेक सुई उचलून त्यात दोरा ओवायला लागला. काळा, पांढरा, निळा. पहिल्या सुईला त्याला चांगली पाच मिनिटं लागली. दोरा चाटतोय, डोळे बारीक करतोय. पण ओवल्या. ओळीनं सगळ्या ओवल्या.

"उद्याही ओवून देईन," जाताना म्हणाला. "तेवढंच येतं मला."

उद्याही आला. परवाही. माझे डोळे दुखायचे ते त्या ओवण्यानंच, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

अशा सकाळी आम्ही पुष्कळ बोलायचो. एकदा मी एक जुनं जाकीट उसवत होते. "हे होईल सैल," मी म्हणाले. "आत माया आहे."

त्याचा दोरा हवेतच राहिला. "काय आहे?"

"माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, ते. पुढेमागे माणूस जाड झाला, मूल वाढलं, तर सोडता यावं म्हणून. माया नसेल तर काही आल्टर होत नाही. तयार कपड्यांत अलीकडे ठेवतच नाहीत."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शब्दाकडे बघत होता की माझ्याकडे, कळेना. मग वही काढायला खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. "हे नाही लिहीत," हळूच म्हणाला. "हे राहू दे."

त्या दिवशी तो गेल्यावर बाबांची यायची वेळ झाली तरी माझे दोन स्कर्ट उसवायचे राहिले होते.

महिनाभरानं त्यानं पहिल्यांदा खरंखुरं काम आणलं. कागदात गुंडाळलेला एक कोट. राखाडी, जाड लोकरीचा, कोपरांवर गुळगुळीत झालेला. "काकांचा," तो म्हणाला. काका शाळेत शिक्षक. ह्याचे आईवडील लवकर गेले, काकांनीच वाढवलं, आणि शब्दांचं वेडही काकांनीच लावलं. गेल्या वर्षी ते गेले. 'ए' अक्षराचा खंड छापून आला होता, शनिवारी ग्रंथालयाच्या सभागृहात त्याचं प्रकाशन होतं, आणि त्यातली एक नोंद ह्याला उभं राहून वाचायची होती. "काका असते तर पहिल्या रांगेत बसले असते. म्हटलं, निदान कोट तरी येऊ दे."

"कुठली नोंद वाचणार?"

"तुमचीच," तो म्हणाला. "कपडा तोच राहतो."

मी त्याला कोट घालायला लावला. काका खांद्यानं रुंद होते, हा जरा उभट. पाठीत घ्यायला हवं होतं, बाही एक बोट आखूड करायला. मी खडूनं खुणा केल्या, कोट आतल्या खुंटीला अडकवला. घाई नव्हती, शनिवार अजून पाच दिवस लांब होता.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉटेलच्या गणवेशांचं गाठोडं पोचवायला गेले.

परत आले तेव्हा बाबा खुशीत होते. "शब्दवाल्याचा कोट हातावेगळा केला," ते म्हणाले. "तुझ्यावर किती टाकायचं? बाही बघ, कशी झाली."

बाही बघितली. माझी रेघ एका बोटावर होती. कापड चार बोटं वर कापलेलं होतं. दोन्ही बाह्यांचं. आतली मायाही गेली होती. कापलेले तुकडे मशीनखाली पडले होते, त्यांच्यावर बाबांचा पाय पडून पडून ते मळून गेले होते.

"छान झालीय," मी म्हणाले.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी कोट त्याच्या हातात दिला आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. जास्त कापलं."

त्यानं बाहीवरून अंगठा फिरवला. शिवण वेडीवाकडी होती. सव्वा महिना तो रोज सकाळी माझ्या शेजारी बसत होता. त्याला टिपा ओळखता येत होत्या.

"तुम्ही कापलंत?"

"हो."

"तुम्ही असं कापत नाही."

"कापलं म्हणते ना मी."

आतलं मशीन चालू होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "कोटाचं मी सोसलं असतं. काका गेले तेच सोसलं, कोटाचं काय. पण मला कशाला खोटं सांगता? मला तर सगळं माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून काय झालं?" माझाही आवाज चढला. "तुम्ही रोज दोन तास येता, सुया ओवता आणि जाता. मला इथेच राहायचंय. मला त्यांच्या तोंडाकडे बघायचं असतं. तुम्हाला काय, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं मूळ हवं. मूळ कळलं म्हणून दुखणं थांबत नाही."

त्यानं बाही हळूच सरळ केली. कोट तसाच टेबलावर ठेवला, आणि गेला.

बुधवारी सकाळी तो आला नाही. गुरुवारी नाही. मी स्वतःच सुया ओवल्या. दोऱ्याचं टोक सारखं फाटायचं. मला राग आला नव्हता, रडूही येत नव्हतं. फक्त एवढंच वाटत होतं की आपण दोन हात भरून काहीतरी धरलं होतं आणि तिसरं धरायला गेलो, म्हणून ते सांडलं. दोष सांडणाऱ्याचा नाही, तिसऱ्या गोष्टीचाही नाही. हातच दोन.

गुरुवारी दुपारी जेवून मी दुकानात आले तर बाबा जागेवर नव्हते. कोटही नव्हता. शेजारच्या किल्लीवाल्यानं सांगितलं, मास्तर काखेत कागदाचं गाठोडं घेऊन ग्रंथालयाकडे गेले. तिथला जिना तीन मजल्यांचा.

मी दुकान ओढून घेऊन निघणार, तेवढ्यात दोघं समोरून येताना दिसले. बाबा पुढे, तो मागे, कोट त्याच्या हातात.

"त्यानं मला हात धरून आणलेलं नाही," बाबा आधीच म्हणाले. "मीच त्याला रस्ता दाखवत आणलाय."

"बाबा, तुम्ही..."

"बस आधी."

मी बसले. बाबा त्यांच्या स्टुलावर बसले. तो दारातच उभा राहिला, आत यावं की नको अशा बेतात.

"कोट मी कापला," बाबा म्हणाले. "ह्याला सांगून आलो. तू भिंतीकडे बघून बोललीस ते मला आतून ऐकू आलं. मशीन चालू होतं, कान बंद नव्हते."

"जाऊ दे ना बाबा, होतं असं कधी कधी."

"कधी कधी? चाळीस वर्षं टीप मारतोय मी. मला दिसत नसेल, पण बोटाला कळत नाही होय? संध्याकाळी ठेवतो ती शिवण वेडीवाकडी. दुसऱ्या दिवशी दहाला हात लावावा तर सरळ. रात्रीतून शहाणी होते काय?"

"केव्हापासून माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग तुम्ही शिवत का राहिलात?"

"तू रोज नवे कपडे माझ्यापुढे ठेवायचीस म्हणून," बाबा म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला हे सोडायचंय. डोकं दुखतं माझं. पण म्हटलं, आई गेल्यापासून पोरगी गप्प झालीय. दुकानात एकटी बसली तर पार मिटून जाईल. मशीनचा आवाज असला की हिला बरं वाटतं."

"मला बरं वाटतं? मी तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

आम्ही दोघं एकमेकांना जपायला म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ तेच कापड शिवत आणि उसवत होतो. मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. पण मी इतकी दमले होते की रडणं हेही एक कामच वाटलं.

बाबांनी हात पुढे केला, माझा हात चाचपून धरला, आणि माझ्या तर्जनीवरच्या टोचलेल्या खुणांवरून बोट फिरवलं. "उद्यापासून मी मापं घेईन," ते म्हणाले. "वितीला डोळे लागत नाहीत. आणि गिऱ्हाइकांशी बोलेन. ते तुला कधीच आलं नाही. लोकांना तू घाबरवतेस." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "ह्याला विचार."

"थोडंसं," दारातून आवाज आला.

कोट मी त्याच दुपारी उलटा केला. बाहीला माया नव्हती, पण खालच्या दुमडीत होती. जुन्या शिंप्यानं मोठ्या मनानं चांगलं चार बोटं कापड आत वळवून ठेवलं होतं. ते काढून बाहीला पट्ट्या जोडता येणार होत्या. फक्त एक अडचण होती. आतलं कापड इतकी वर्षं ऊन न लागलेलं, गडद राखाडी. बाकी कोट विटलेला.

"मनगटं वेगळी दिसतील," मी म्हणाले. त्याच्याकडे न बघता.

"दिसू देत. काका असते तर म्हणाले असते, खाडाखोड केली तर ती दिसली पाहिजे. मुलं त्यातूनच शिकतात."

"मी परवा जे बोलले..."

"त्याला इंग्रजीत ऑल्टरकेशन म्हणतात," तो म्हणाला. "मूळ तेच. भांडायलाही दुसरा लागतो. दोन दिवस मी कचेरीत बसून भांडायला दुसरा शोधत होतो, कुणी मिळालं नाही."

शुक्रवारी दुपारी तो कोट घालून बघायला आला. बाबा सकाळी चार मापं घेऊन, तिघांशी गप्पा मारून घरी झोपायला गेले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. बाहेर पाऊस लागला होता, गल्लीत कुणी नव्हतं. मशीन बंद. इतकी शांतता मला दुकानात माहीतच नव्हती.

बाह्या जमल्या होत्या. गडद मनगटं नवी पद्धत असावी अशी शोभत होती. पाठीत अजून थोडं घ्यायचं होतं. मी दोन्ही कुशींना टाचण्या लावल्या, मागे सरले, बघितलं.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "जरा लांबण आहे..."

"सांगा. मी दोन मिनिटं बसते. पाय गेलेत."

मी कापडाच्या ढिगाला टेकून बसले. त्यानं घसा साफ केला. पावसाचा आवाज, इस्त्रीची ऊब, त्याचा तो सावकाश, शब्द पारखून घेणारा आवाज. तो काकांबद्दल काहीतरी म्हणाला. मग सकाळबद्दल, साडेसातच्या. त्याचं घर ग्रंथालयाच्या पलीकडे, आमच्या गल्लीच्या उलट्या दिशेला आहे, असं काहीतरी. आवाज छान होता...

डोळे उघडले तेव्हा पाऊस थांबला होता. माझ्या मानेखाली कुणीतरी गणवेशाची घडी सरकवली होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. तो बाबांच्या स्टुलावर, ताठ, जराही न हलता बसला होता. अंगात तोच जाड कोट. कपाळावर घाम.

"दीड तास?" मी उठून बसले. "कोट काढायचा नाही का?"

"टाचण्या आहेत. तुमच्याशिवाय काढता येईना. हललो की टोचतात."

"मग मला उठवायचं."

"नाही उठवलं," तो म्हणाला. एवढंच.

मला लाज वाटली, हसूही आलं, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी सुटलं, जसा घट्ट काढलेला घेर सोडावा तसं. मी त्याच्या बाजूला गुडघ्यांवर बसले आणि पहिली टाचणी काढली.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"सांगून झालं. सगळं सांगितलं मी. तुम्ही दोनदा 'हं' म्हणालात, म्हणून मला वाटलं ऐकताय."

"कशाला 'हं' म्हणाले?"

"पहिलं... मला तुम्ही फार आवडता, ह्याला." त्याची नजर दाराकडे. "दुसरं जरा मोठं होतं."

दुसरी टाचणी. तिसरी. माझा हात थांबला होता हे मला मागाहून कळलं. "काय होतं दुसरं?"

"विचारलं होतं, माझ्याशी लग्न कराल का."

"झोपेतलं 'हं' धरत नाहीत."

"म्हणून तर थांबलो," तो म्हणाला. "दीड तास."

गल्लीत कुणीतरी छत्री झटकली. मी उरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, घाई न करता, शेवटची त्याच्या बरगडीपाशी होती. तिथे शर्टावर रक्ताचा एवढासा ठिपका पडला होता. त्यावर मी बोट ठेवलं. तो श्वास धरून बसला होता.

"परत विचारा," मी म्हणाले. "लांबण नको. नुसतं शेवटचं."

त्यानं विचारलं. साध्या, रोजच्या शब्दांत, आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणून.

मी चांगली जागी होते.

"हं," मी म्हणाले.